तीन वेळा ‘स्वच्छ’

३ जून

टायमरबाई,

‘प्रिय’ लिहिलं होतं, खोडलं. खोडलेलं दिसतंय तर दिसू दे.

फोनवर तू मला बंद केलंस, म्हणून आता पोस्टाला कामाला लावलंय. तुझ्या ताईचा पत्ता काचेवाल्या ताईंनी दिला. प्रयोगशाळेतल्या बाटल्या धुणाऱ्या बाईला माझी जेवढी दया आली तेवढीही तुला येऊ नये, कमाल आहे. पत्ता लिहून देताना त्या म्हणाल्या, “भांडायला लिहिणार असशील तर देत नाही हो.” मी म्हटलं, नाही भांडणार. बघ, दुसऱ्याच परिच्छेदात खोटा ठरलो.

कॉलेज सोडून मला महिना झाला. शेवटचं वर्ष होतं, दोन पेपर आणि प्रकल्प एवढंच उरलं होतं. कोणासाठी सोडलं? आई रोज ताट वाढताना विचारते, “त्या मुलीनं काही कळवलं का?” मी म्हणतो, कळवेल. मग ती आमटीची वाटी जरा जोरात ठेवते.

तो सोमवार तू विसरलीस की काय? मी आठवण करून देतो. सर मीटिंगला कागद हलवत आले. तुझे निष्कर्ष छापायला पाठवण्याआधी त्यांनी तुझ्या पेशी बाहेरच्या प्रयोगशाळेत तपासायला दिल्या होत्या. उत्तर आलं होतं : मायकोप्लाझ्मा. म्हणजे तो जंतू, जो सूक्ष्मदर्शकातून दिसत नाही, ज्याने बाटलीतलं पाणी गढूळ होत नाही, पेशी मरतही नाहीत, नुसत्या आतून बिथरतात. सर सगळ्यांसमोर म्हणाले, “वहीत तीन महिने ‘स्वच्छ’ लिहिलंय आणि बाटल्या तीन महिने घाण. मग बाई, चाचणीला तू कुठल्या बाटलीतलं पाणी देत होतीस?”

खोलीत अकरा माणसं होती. आठ जणांनी आपापल्या पेनाकडे पाहिलं. उठला कोण? मी! खुर्ची पाडली, सरांना नको ते बोललो, पिपेटच्या टोकांचा अख्खा डबा भिंतीवर फेकला आणि तिथल्या तिथे सांगितलं की असल्या कॉलेजात मी एक मिनिट राहणार नाही. दारातून मागे वळून पाहिलं. तू गळ्यातल्या टायमरकडे बघत होतीस. टायमर बंद होता.

साधं ‘थांब’ सुद्धा म्हणाली नाहीस. मी तुझं काय घोडं मारलं होतं?

आता मामाच्या दुकानात फ्रीज दुरुस्त करतो. हात कायम गारठलेले असतात. अक्षर वाकडं आलं तर त्यामुळे आलंय, भलतं काही समजू नकोस.

— तुझ्यासाठी डबा फेकणारा


११ जून

टायमरबाई,

एक ओळ! मी चार पानं लिहिली आणि तू एक ओळ पाठवलीस. ‘त्या तीन चाचण्या खरंच झाल्या होत्या का? एवढंच सांग.’ खाली सही नाही, वर नाव नाही. ताईच्या घरी कागद महाग झाले आहेत का?

माझी विचारपूस नाही. मी जेवतो की नाही, झोपतो की नाही, काही नाही. थेट उलटतपासणी. तू सरांच्या बाजूची झालीस की काय? सरांचे सहा फोन आले, मी एकही उचलला नाही. तुला सगळ्यांसमोर लबाड म्हणणाऱ्या माणसाशी मी कशाला बोलू?

आणि चाचण्या झाल्या की नाही झाल्या, याने काय फरक पडतो? वहीत लिहिलेलं आहे. दर महिन्याचा पहिला गुरुवार. प्रत्येकाने आपापल्या बाटलीतलं पाणी छोट्या नळीत काढून, तारीख घालून, स्टँडमध्ये ठेवायचं. मी ते गरम करायचं, यंत्रात घालायचं आणि यंत्रापासून हलायचं नाही, कारण ते म्हातारं यंत्र मधेच बंद पडतं. अकरा ते तीन, चार तास. मग वहीत ‘स्वच्छ’ किंवा ‘अस्वच्छ’. पूर्वी शेजारी फोटो चिकटवायचो. प्रिंटर बिघडला तसं तेही गेलं. सगळ्यात धाकट्याच्या गळ्यात मारलेलं हे काम. धाकटा मी.

ते तुझ्यावर जळतात, साधी गोष्ट आहे. तुझा विषय तूच मला जिन्यावर समजावून सांगितला होतास, तेव्हा तुझे हात असे हलत होते की चहा माझ्या बुटावर सांडला. आपल्या रक्तातले पहारेकरी कॅन्सरच्या पेशीवर चाल करून येतात तेव्हा आरडाओरडा करतात, त्या ओरड्याचं नाव इंटरफेरॉन. आणि त्वचेच्या कॅन्सरची पेशी इतकी बेरकी, की ती तो ओरडाच ऐकते, सावध होते आणि अंगावर पाटी लावते : मी घरचीच आहे, मला मारू नका. पीडी-एल-वन हे त्या पाटीचं रुक्ष नाव. पाटी दिसली की पहारेकरी थंड. तू म्हणालीस, “पण पाटी आपोआप टिकत नाही रे. पेशी तिला सारखी आत ओढते, मोडून टाकते. दुसरं एक प्रोटीन तिला धरून ठेवतं, पुन्हा वर पाठवतं. मला बघायचंय, धरून ठेवणाऱ्याला हुकूम कोण देतं.”

आणि फेब्रुवारीपासून तुझ्या बाटल्यांत कोणी ओरडलंच नाही तरी पाट्या वर! इंटरफेरॉनचा थेंब न घालता. सरांनी अख्ख्या मजल्याला चहा पाजला होता. आता म्हणतात, ते जंतूंमुळे. पेशींना जंतूच ओरड्यासारखे वाटले. आणि वर म्हणतात, तुला हे माहीत होतं, म्हणून चाचणीला तू दुसरंच स्वच्छ पाणी दिलंस.

मी हे ऐकलं आणि पेटून उठलो. आणि तू मला विचारतेस चाचण्या झाल्या होत्या का!

काल एक फ्रीज तीनदा उघडून बसवला तरी गार होईना. मी त्याला लाथ घातली. मामा म्हणाला, “शहाण्या, आधी गॅस कुठे गळतोय ते बघ, मग मशीनला शिव्या घाल.” दुकानातली सगळी हसली. मला काही हसू आलं नाही.

— उत्तर न देणारा


१९ जून

तुझं पत्र नाही. आठ दिवस नाही.

आज रागवायचं नाही असं ठरवून बसलोय. दुपारची वेळ, मामा जेवायला गेलाय, दुकानात आठ फ्रीज तोंडं उघडी टाकून उभे आहेत, दवाखान्यात दाताच्या डॉक्टरसमोर बसल्यासारखे.

तुला मी हसवायचो ते आठवतं? तू त्या काचेच्या पडद्यामागे बसलेली, हात आत, नाकावर मास्क, गळ्यात टायमर. बाटली उघडली की तू श्वाससुद्धा हळू घ्यायचीस. तुझ्या पेशी कोण्या एका बाईच्या टाचेवरच्या काळ्या डागातून आलेल्या. ती बाई कधीच गेली, डाग मात्र बाटल्यांतून जगतोय. तू तिला ‘टाचेवाल्या मावशी’ म्हणायचीस. “थांब, मावशींना जेवायला घालायचंय.” मी तुझ्या खांद्यामागे उभा राहून, मास्क हनुवटीवर ओढून, मावशींच्या आवाजात बोलायचो, “काय गं, आज पाणी अळणी का?” तू हसायचीस, पण आवाज न करता. खांदे तेवढे हलायचे. मग मानेनेच सांगायचीस, जा. मी जायचो नाही.

आणि पहिला गुरुवार! महिन्यातला तो एकच दिवस तू रिकामी असायचीस. पेशींची खोली धुवायला बंद, मग तू अकराला मागच्या जिन्यावर, तिसऱ्या पायरीवर. फेब्रुवारीत तू संत्रं सोलत होतीस. सालं एका ओळीत मांडून ठेवलीस, टायमरबाईच ती. विचारलंस, “लावलीस चाचणी?” मी म्हटलं, लावली. मग तू मला बहिणीच्या लग्नातली गोष्ट सांगितलीस, मी तुला माझ्या वडिलांची सांगितली, जी मी कोणाला सांगत नाही. खाली उतरलो तेव्हा तीन वाजले होते. अकरा ते तीन. माझ्या आयुष्यातले सर्वांत

मामा आला. नंतर लिहितो.

नंतर : पुढचं काय लिहायचं होतं ते आठवत नाही. आहे असंच पाठवतोय.


२८ जून

टायमरबाई,

उत्तर नाही दिलंस तरी ऐक. आज मी तिथे जाऊन आलो!

सरांच्या प्रयोगशाळेतला मोठा डीप फ्रीजर बर्फ धरतोय म्हणून मामाला फोन आला. मामा म्हणाला, “चल, तुझंच सासर आहे.” मी जाणार नव्हतो, पण गेलो. निळा अंगरखा, हातात पेटी. त्या आठ जणांतल्या सहा जणांनी ओळख दाखवली नाही. दोघांनी दाखवली तर ती अशी, जसा मी शहीद होऊन परत आलोय. “तू तरी बोललास रे,” एकजण कानात म्हणाला. खोटं कशाला बोलू, छाती फुगली.

तुझं स्टूल कोपऱ्यात उलटं ठेवलंय. काचेच्या पडद्यावर तुझ्या अक्षरातली चिठ्ठी अजून आहे : ‘उघड्या बाटलीवर बोलू नये.’ काचेवाल्या ताई ओंजळीत साबण घेऊन माझ्याजवळ आल्या. म्हणाल्या, “जुलैच्या अठराला चौकशी समिती बसणार आहे. लबाडी केली असं ठरलं तर पोरीला कुठेच घेणार नाहीत म्हणे. चार वर्षं गेली की रे तिची. आणि काय तर म्हणे, तो जंतू माणसाच्या तोंडातला आहे. आता ती कधी मास्क काढायची का? मी रोज बघायचे, तिचं तोंड कसं आहे हे मला कॅन्टीनमध्ये कळलं!”

मी फ्रीजरमध्ये डोकं घालून बर्फ फोडत राहिलो. खालचा कप्पा पार गोठून गेला होता. तिथे बर्फाशिवाय काही नव्हतं.

मग मामा पाण्याची बादली रिकामी करायला गेला आणि टेबलावर ती वही दिसली. उघडीच. तीन ओळी, तीन ‘स्वच्छ’, सगळे एकाच वळणाचे. याच पानाच्या जोरावर तुला लबाड ठरवतायत ना? मग पानच नाही राहिलं तर? मी ते फाडलं. टर्रकन नाही, नीट, शिवणीजवळून. आता माझ्या खिशात आहे, तुझ्यावरचा आख्खा खटला चार घड्या घालून.

आता बसू दे त्यांना समिती भरवून! कोणी काही न मागता तुझ्यासाठी हे केलंय. आभार नकोत. फोन चालू केलास तरी पुरे.

— पान फाडणारा


५ जुलै

तुझं पत्र आज अकराच्या टपालाने आलं. सहा ओळी. प्रगती आहे.

मी ते मामाला वाचायला दिलं. का दिलं माहीत नाही. तुझं अक्षर नीटनेटकं, पण पेन इतकं दाबून लिहिलंयस की मागच्या बाजूने बोट फिरवलं तर वाचता येईल. ‘पान नाहीसं झालंय. समितीला वाटतं, मीच कोणाकरवी फाडून घेतलं. आधी लबाडीचा संशय होता, आता खात्री आहे. तू फ्रीजर दुरुस्त करायला गेला होतास असं काचेवाल्या ताई म्हणाल्या. हे तू केलं असशील तर माझ्यासाठी केलं असं कुणाला सांगू नकोस. मलाही नको.’

मामाने चष्मा काढला, कागद परत दिला. म्हणाला, “ती पोरगी तुला काय विचारतेय ते तुला कळतंय ना?”

मी म्हटलं, हो.

“मग माझ्याकडे पाठ करून फ्रीजशी का बोलतोयस?”


८ जुलै

आता सरळ लिहितो. तीन दिवसांत हे पाचवं कोरं पान.

नाही झाल्या. एकही झाली नाही. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल, तिन्ही महिने मी वहीत ‘स्वच्छ’ लिहिलं आणि जिन्यावर आलो. चार तास यंत्रासमोर बसलो असतो तर तू तिसऱ्या पायरीवर एकटी बसली असतीस किंवा कोणा दुसऱ्याबरोबर, आणि ते माझ्याने सहन झालं नसतं. इतकं हे साधं आहे. तू विचारलंस लावली का, मी म्हटलं लावली. मार्चमध्येही विचारलंस. एप्रिलमध्ये विचारलं नाहीस, कारण तोवर तुझा माझ्यावर विश्वास बसला होता.

पहिल्या वेळी वाटलं, उद्या करू. म्हणून सगळ्यांच्या नळ्या डब्यात घालून फ्रीजरच्या खालच्या कप्प्यात सारल्या. उद्या आला नाही. मार्चच्या त्यावरच. एप्रिलच्याही. तो डबा अजून तिथे आहे. अठ्ठावीस तारखेला बर्फ फोडताना माझ्या हाताला लागला. झाकणावर बोट ठेवून मी बराच वेळ बसलो. मग आत ढकलून दिला आणि तुला लिहिलं की बर्फाशिवाय काही नव्हतं.

तो डबा बाहेर काढायचं सोडून मी पान फाडलं. कारण पानामुळे तू अडकत होतीस हे मी स्वतःला पटवलं होतं. खरं म्हणजे पानावर अक्षर माझं होतं.

आणि तो सोमवार. मी तुझ्यासाठी उठलो नाही गं. सर म्हणाले, “चाचणीला कुठल्या बाटलीतलं पाणी देत होतीस?” तेव्हा पुढचा प्रश्न कोणाला येणार हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. तो येण्याआधी मी खुर्ची पाडली. डबा भिंतीवर आपटला आणि सगळे टोकं वेचायला वाकले, तेवढ्यात मी दाराबाहेर होतो. ओरडणाऱ्याला कोण प्रश्न विचारतं? सगळ्यांनी मला प्रेमवीर केलं. मीही होऊन बसलो. तू टायमरकडे बघत होतीस, कारण तू तेव्हाच गणित करत होतीस. अकरा ते तीन. तुला तेव्हाच कळलं असणार.

जंतूचं मात्र मला शपथेवर सांगता येत नाही. माणसाच्या तोंडातला असेल तर माणसं अकरा आहेत. पण उघड्या बाटलीवर मास्क उतरवून मावशींचा आवाज काढणारा एकच होता. ती चिठ्ठी तू माझ्यासाठीच लावली होतीस ना? मी तिच्याखाली उभा राहून बोलायचो. तुला हसवायचं होतं. तुझे खांदे हलले की माझा दिवस जायचा. तुझी चार वर्षं गेली.

राग येतो तो अजून येतोच. तुझा येतो. तोंडावर म्हणाली असतीस, ‘गाढवा, चाचणी केलीस का?’ तर मी तिथेच रडलो असतो आणि सांगून टाकलं असतं, असं मला वाटतं. पण तू एक ओळ लिहिलीस आणि मी चार पानं ओरडलो. तूच शिकवलं होतंस : जेवढा ओरडा, तेवढी पाटी वर. फक्त मला वाटत होतं की पाटी तू लावून बसलीयस. पाटी मीच लावली होती. घरचाच आहे, मारू नका.

अठराला येतो. पान घेऊन येतो.


१६ जुलै

मामाने सुट्टी दिली. आईला सगळं सांगितलं. तिने आमटीची वाटी आज हळू ठेवली. तेच जास्त लागलं.

दाढी करून येतोय. वेडंवाकडं बोलणार नाही. काही फेकणार नाही.


१९ जुलै

काल तू त्याच खोलीत होतीस, तरी लिहितो, कारण खोलीत मी जे पाहिलं ते तू पाहिलं नसशील. तू टेबलाच्या कडेकडे बघत होतीस.

मी पान ठेवलं. घड्या पडून ते मधे विरलं होतं. अध्यक्षबाईंनी ते सरळ केलं आणि विचारलं, “हे तुम्ही फाडलंत?” मी म्हटलं, हो. “आणि चाचण्या?” नाही केल्या. “एकही?” एकही नाही. सरांनी डोळे मिटले. मला वाटलं ओरडतील, पण ते नुसते म्हातारे दिसले. सहा फोन केले होते त्यांनी.

मग अध्यक्षबाई म्हणाल्या ते तू ऐकलंसच, पण मला पुन्हा लिहायचंय, कारण तेच माझं बक्षीस होतं. “तुम्ही या मुलीसाठी कॉलेज सोडलंत असं सगळे सांगतात. तिच्यासाठीच आता हे अंगावर घेत नाही आहात, हे आम्ही कशावरून धरायचं?”

बघ. इतका मोठा वीर झालो होतो की खरं बोललो तरी ते प्रेमच वाटलं. दोन महिने मी हेच तर ऐकायला तडफडत होतो, आणि ऐकलं तेव्हा शर्ट पाठीला चिकटला. म्हटलं, खालच्या कप्प्यात मागे, बर्फात एक डबा आहे.

काचेवाल्या ताईंनी तो ट्रेवर घालून आणला. तेहेतीस नळ्या. एकाही झाकणाची पट्टी सुटलेली नाही. तुझ्या तीन, तुझ्याच अक्षरात तारखा, प्रत्येक इंग्रजी सातात तुझी ती आडवी रेघ. बाईंनी चष्मा वर करून एकेक पाहिली. सर म्हणाले, “आत्ता तपासा. मी बसतो यंत्राजवळ.” आणि खरंच जाऊन बसले. चार तास. आम्ही सगळे बाकावर. मी पहिल्यांदाच त्या यंत्राची घरघर पूर्ण ऐकली.

तुझ्या तिन्ही नळ्या अस्वच्छ. म्हणजे तू खरंच तुझ्याच बाटलीतलं पाणी दिलं होतंस. म्हणजे पहिल्याच गुरुवारी मी बसलो असतो, तर तू त्याच संध्याकाळी बाटल्या फेकून दिल्या असत्यास, आधीच्या गोठवलेल्या मावशी बाहेर काढल्या असत्यास आणि दुसऱ्या दिवसापासून कामाला लागली असतीस.

लबाडीचा ठपका गेला. जानेवारीपर्यंतचं काम ग्राह्य धरलं. पुढचं सगळं पुन्हा करायचं. मला परत प्रवेश नाही, कधीच नाही. योग्य आहे. हे लिहायला जेवढं सोपं वाटतं तेवढं नाही, पण योग्य आहे.

आणि मग गॅलरीत. मला वाटलं होतं तू थोबाडीत मारशील. मी तयारी करून आलो होतो, चष्माही काढून खिशात ठेवला होता. किंवा रडशील. तेही मी मनात रंगवलं होतं, खोटं कशाला बोलू. तू थांबलीस, टायमर गळ्यात सरळ केलास आणि अगदी साध्या आवाजात, वेळ विचारावी तशी म्हणालीस, “गुरुवारी मी रिकामीच असायचे. ये म्हणाला असतास तर यंत्राजवळ येऊन बसले असते तुझ्याबरोबर. चार तास.”

आणि गेलीस.

मी काल रात्रभर ते उलटसुलट करून पाहिलं. प्रेमाने म्हणालीस का? की मावशींच्या काळजीपोटी बसली असतीस, माझी जागा रिकामी असती तरी? काही कळलं नाही. दोन्हीकडून सारखंच लागतं. ज्या चार तासांसाठी मी खोटं लिहिलं, ते चार तास खरं काम करूनच मिळत होते. शेजारी दुसरं स्टूलही होतं.

काचेवाल्या ताई म्हणाल्या, आता चाचणी तूच करणार आहेस. सरांनी प्रिंटर दुरुस्त करून घेतलाय. छान.

आता मी लिहिणार नाही. उत्तर मागत नाही. मागायचं तोंड नाही, आणि त्या तोंडाने काय केलं ते तुला माहीत आहे. फक्त एक कळवून ठेवतो, त्याचा तुला काडीचा उपयोग नाही. ऑगस्टच्या पहिल्या गुरुवारी अकराला तू यंत्र लावशील, तेव्हा मी इथे दुकानात असेन, तोंडाला फडकं बांधून. तीनपर्यंत कोणाशी एक शब्द बोलणार नाही. सप्टेंबरातही नाही. तुझं काम संपेपर्यंत नाही.

मामा विचारेल, दाढ दुखतेय का. मी मान हलवीन.